चेंबर फुटल्यावर चालवलेले ३ किलोमीटर

वेग फार नव्हता. पावसात वळणावर चाक घसरलं, गाडी एका घराच्या कुंपणाच्या भिंतीला जाऊन धडकली, पडलेल्या दगडांवर चढली आणि खालून कडकन आवाज आला. आई आणि मी धडपणे उतरलो. चावी फिरवली तर इंजिन लगेच सुरू झालं. अंधार पडत होता, आईला तिथे ताटकळत ठेवणं जिवावर आलं, म्हणून ३ किलोमीटरवरच्या गॅरेजकडे गाडी तशीच चालवत निघाले. ऑईलचा लाल दिवा लागलेला मी पाहिला होता. एवढा दणका बसल्यावर दिवे लागायचेच, असं वाटलं. गॅरेजच्या अलीकडे इंजिन खडखडलं आणि बंद पडलं ते पडलंच.

मेकॅनिकने खाली वाकून बघितलं. "चेंबर फुटलंय, ताई, इंजिनाखालचं ऑईलचं भांडं. ऑईल सगळं रस्त्यावर गेलं. कोरडं इंजिन चालवलंत तुम्ही."

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचे सर्व्हेअर आले आणि त्यांनी नुकसानीचे दोन भाग केले. बंपर, रेडिएटर, पुढचा पत्रा, चेंबर हे धडकेत तुटलेलं. पिस्टन, बेअरिंग, क्रँकशाफ्ट हे इंजिनाच्या आतलं, नंतर ऑईलशिवाय चालवल्यामुळे बिघडलेलं. पहिल्या भागाचा क्लेम मंजूर, दुसऱ्याचा नाही. धडक बसलीच नसती तर इंजिन कशाला गेलं असतं, असं मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले. त्यांनी पॉलिसीतली अट काढून दाखवली: अपघातानंतर गाडी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकाची, आणि दुरुस्तीआधी ती चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्याच अंगावर. इंजिनासाठी वेगळं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं कव्हर, मिळतं, तेही मी घेतलेलं नव्हतं. सगळ्यात मोठा खर्च इंजिनाचाच होता.

म्हणूनच हे लिहायला बसले. 'फुल इन्शुरन्स' आहे म्हणजे गाडीचं पुढे काहीही झालं तरी भरून मिळेल, असं आपण धरून चालतो. पॉलिसी मात्र त्या धडकेनं काय तुटलं तेवढंच बघते. त्यानंतर तुम्ही काय करता, यावर पुढचा सगळा हिशोब ठरतो.

मंजूर झालेलंही पूर्ण हातात येत नाही. गाडी साडेचार वर्षांची. माझ्या पॉलिसीत घसारा, म्हणजे भाग जुना म्हणून होणारी कपात, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के होता, त्या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ३५ टक्के, काचेवर काहीच नाही. म्हणजे नव्या बंपरचे अर्धे पैसे माझे. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं ॲड-ऑन, घेतलेलं असतं तर ही कपात वाचली असती. त्याशिवाय प्रत्येक क्लेममधली ठरावीक रक्कम आपणच भरायची असते, आणि क्लेम केला की नूतनीकरणाच्या वेळचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तीही जाते. नुसता ओरखडा असेल तर आधी हे गणित मांडून बघा.

भिंतीचा विषय वेगळा. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान थर्ड पार्टीच्या भागात येतं. घरमालक तिथेच म्हणत होते, भिंत बांधून देते असं लिहून द्या. भिंत त्यांची पडली होती, रागही रास्त होता, आणि आई हो म्हणणारच होती. पण कंपनीच्या संमतीशिवाय आपण असा शब्द दिला तर तो कंपनीवर बंधनकारक नसतो, उलट आपलाच क्लेम अडचणीत येऊ शकतो. मी नाव, फोन आणि पॉलिसीचा क्रमांक दिला, भिंतीचे आणि गाडीचे फोटो काढले. त्या संध्याकाळी एवढी एक गोष्ट माझ्याकडून बरोबर झाली.

रात्री आईचं मनगट सुजलं. माझ्या पॉलिसीतलं वैयक्तिक अपघाताचं कव्हर माझ्यापुरतं, तेही मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. आईच्या एक्स-रेचा खर्च त्यात कुठेच बसत नव्हता.

क्लेमचे कागद भरताना पॉलिसीचं शेवटचं पान पहिल्यांदा वाचलं. गाडी ओढून नेण्याची सोय त्यात होती, कुठल्याही वेळी फोन करा म्हणून नंबरही दिलेला होता. तो कागद त्या संध्याकाळी समोरच्या कप्प्यातच होता, आईच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर. आता तो नंबर तिच्या फोनमध्येही आहे.