तू ये जाऊन

आज साऊथएंडला, लंडनजवळच्या समुद्रकिनारी, जाऊन आलो. पाय दुखतायत, डोळे जड झालेत, तरी झोप येत नाही. म्हणून लिहायला बसले.

तसं झालं काहीच नाही. पिअरच्या, म्हणजे समुद्रात आतवर गेलेल्या लांब धक्क्याच्या, तिकीटखिडकीशी ह्यांनी एकच तिकीट मागितलं. मला वाटलं, खिडकीतल्या मुलीची ऐकण्यात चूक झाली. पण ह्यांनी ते तिकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू ये जाऊन. मी बसतो इथे." जाताना चालत, येताना पिअरवरच्या छोट्या गाडीने, असं तिकीट. नेहमीचंच. फक्त एक.

मी का नाही विचारलं? तिथेच म्हणायला हवं होतं, अहो, मग मीही बसते. पण मागे रांग होती आणि माझ्या तोंडून "बरं" निघून गेलं.

तिथीचंही तसंच. बावीस उन्हाळे आम्ही असे सकाळी निघून रात्री परत येतोय. मार्गेट, ब्रॉडस्टेअर्स, एकदा ब्रायटन. ब्रायटनला नुसते गोटे, वाळू नाही, ते ह्यांना किनारा म्हणून मान्यच नाही. पण फिरून फिरून साऊथएंडच, कारण बार्किंगला गाडीत बसलं की थेट. आणि प्रत्येक वेळी निघायच्या आधी हे फ्रिजवरचं कालनिर्णय बघणार. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते, ही त्यांच्या गावची रीत. इथल्या उन्हाळी घड्याळाला वर दोन तास धरायचे, हे त्यांनी स्वतः पडताळून बसवलेलं. मी देशावरची, लग्नाआधी समुद्र बघितलेला नव्हता. भरती, सुकती, उधाण, भांग हे सगळे शब्द मला ह्यांनी दिले. आणि आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा, वर दोन. सकाळी आठलाच भरती होऊन गेलेली, दुपारी दोनपर्यंत पाणी ओसरतच जाणार. हे मलासुद्धा आता तोंडपाठ आहे. ह्यांनी बघितलंच नव्हतं. "चल, आज ऊन छान आहे" म्हणाले आणि निघालो.

जातानाची गाडी मात्र छान होती. बेनफ्लीटनंतर उजव्या हाताची खिडकी, मग ली आलं की रुळांच्या अगदी कडेला खाडी. तिथे हे दरवेळी उठून उभे राहतात. आज बसल्या जागेवरून बघितलं. मी धपाटे काढले. एक खाल्लं, दुसरं नको म्हणाले. मार्चनंतर जेवणाबद्दल मी काही बोलत नाही.

तर मी एकटीच चालायला लागले. २.१६ किलोमीटरचा पिअर तो, जाता जाता अर्धा तास सहज. फळ्यांच्या फटींतून खाली बघत गेले, समोर बघवेना. खाली पाणी नव्हतंच, नुसता चिखल, त्यावर बारीक ओहोळ चमकत होते. आणि जिकडेतिकडे किड्यांनी वर टाकलेले चिखलाचे वेटोळे, सोऱ्यातून शेव पाडावी तसे, एकेक घाणा वेगळा. इतकी वर्षं मला ते दिसलेच नव्हते, कारण इतकी वर्षं हे बोलत असायचे आणि मी ऐकत असायचे. हा पिअर एवढा लांब का, तर किनारा इतका उथळ की ओहोटीला पाणी मैलभर मागे जातं. लंडनहून हवा खायला येणारी माणसं बोटीतून उतरणार कुठे? म्हणून आधी लाकडी बांधला, तो पाण्यापर्यंत पोचेना, मग वाढवत वाढवत नेला. आताचा लोखंडी १८८९चा. हे ते दरवेळी नव्याने सांगतात, आणि मी दरवेळी "हो का?" म्हणते.

आज "हो का" म्हणायला कोणी नव्हतं. निम्म्यात आले तेव्हा बाजूने गाडी गेली, आत मुलं हात हलवत होती, आणि मला रडू आलं. खरंच आलं. एकच विचार डोक्यात होता, की हे मला सवय लावतायत. एकटीने जायची. एकटीने तिकीट धरायची. बँकेचे कागद त्यांनी मे महिन्यात मला बसवून दाखवले, तेव्हाही असाच शांत आवाज होता. लेकीला मी ते अजून सांगितलेलं नाही. जाऊ दे.

टोकाला पोचले. वारा होता. तिथे उभं राहिलं की समोर केंटचा किनारा, आणि शीअरनेसच्या बाजूला पाण्यातून वर आलेल्या डोलकाठ्या. रिचर्ड माँटगोमेरी नावाचं अमेरिकन जहाज, १९४४ च्या ऑगस्टमध्ये दारूगोळा घेऊन आलं आणि तिथे रुतून मोडलं. निम्मा माल काढला, पण साधारण १,४०० टन स्फोटकं अजून तशीच खाली आहेत. जवळ जायला बंदी. हे सांगताना ह्यांचा आवाज नेहमी खाली येतो, जणू मोठ्याने बोललं तर जहाजाला ऐकू जाईल. दुर्बीण ह्यांच्या पिशवीत राहिलेली. मी डोळे बारीक करून बघत राहिले. एक दिसली. मग दुसरी. तिसरी काही सापडेना. शेजारी एक आजी नातवाला घेऊन उभ्या होत्या, त्याला मी बोट करून दाखवलं आणि सगळी गोष्ट सांगितली, ह्यांच्यासारखी, आवाज खाली आणून. त्याने विचारलं, "मग ते अजून कोणी काढत का नाही?" मी म्हटलं, हलवायची भीती वाटते.

परत गाडीने आले. हे तिथेच बाकावर, बूट काढून, पाय उन्हात सोडून बसलेले. मला लांबून बघितल्याबरोबर पहिला प्रश्न, "डोलकाठ्या दिसल्या?"

"दोन दिसल्या."

"तीन आहेत. नीट बघितलं नाहीस. दुर्बीण का नेली नाहीस?"

आणि चिडले. चांगलेच चिडले, मार्चनंतर पहिल्यांदा. दोन कशा दिसतील, कुठे उभी होतीस, लाइफबोटवाल्यांच्या बाजूला गेलीस का, असं बोट हवेत नाचवत मला सांगत राहिले. मी शेजारी बसून चहा ओतला. उरलेली धपाटी त्या भरात दोन्ही खाल्ली त्यांनी, लसणाच्या चटणीशी. मी बघत होते, बोलले नाही.

येताना मला सारखं ते वाक्य आठवत होतं. "तू जा" म्हणाले नव्हते, "ये जाऊन" म्हणाले होते. आपल्याकडे तसंच म्हणतात, त्यात काही विशेष नाही, हे मला कळतं. तरी पिटसी जाईपर्यंत तेच घोळवत होते. सवय लावतायत हे खरंही असेल. पण ती गोष्ट मला पूर्ण सांगता आली, टनांसकट, हेही खरं. आणि ह्यांना चालवत नाही हे आज त्यांनी न बोलता का होईना सांगितलं. त्यांच्या स्वभावाला ते सोपं नसणार. मी मात्र तेवढा वेळ स्वतःचंच बघत होते.

रात्री पाणी प्यायला उठले तर हे फ्रिजसमोर, चष्मा कपाळावर, बोटाने तारखा मोजत.

"पुढच्या आठवड्यात नारळी पौर्णिमा," म्हणाले. "पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, वर दोन. सव्वा एकला पाणी पार भिंतीला लागलेलं असेल. आज माझं चुकलंच, अष्टमीला कोणी जातं का?"

मी म्हटलं, "दोन तिकिटं काढायची. जाता-येता दोन्ही गाडीची."

त्यांनी चष्मा खाली ओढला, माझ्याकडे बघितलं. "मग तिसरी काठी मी दाखवतो."

नारळ मीच आणणार आहे, कानाशी हलवून, पाणी वाजतंय ना ते बघून.