हा एचएमटी घड्याळवाला का?

नागपूर-पुण्याकडचं गिऱ्हाईक आमच्या नागभीडच्या (जिल्हा चंद्रपूर) दुकानात आलं, की तांदळाच्या पोत्यावरचं नाव वाचून हमखास विचारतं, “ताई, एचएमटी म्हणजे तो घड्याळवाला का?” गर्दीत मी “हो” म्हणून मोकळी होते. तुम्ही उत्तर ऐकायला थांबलात, तर बसा जरा.

नाव घड्याळावरूनच पडलं, पण तांदूळ कंपनीचा नाही. तो दादाजी खोब्रागडेंचा. गाव नांदेड, आमच्याच तालुक्यातलं. (मराठवाड्यातलं नव्हे, हेही रोज सांगावं लागतं.) शिक्षण तिसरीपर्यंत, शेत दीडेक एकर, तेही जंगलाला लागून.

१९८३ साली त्यांच्या शेतात पटेल-३ हे धान उभं होतं. त्यात तीन लोंब्या पिवळसर, बाकीच्यांहून वेगळ्या दिसल्या. अशा लोंब्या आपल्यालाही दिसतात हो! पण कापणीच्या घाईत विळा त्यांच्यावरूनही फिरतो आणि सगळं एकाच पुंजण्यात जातं. दादाजींनी त्या तीन घरी नेल्या, प्लास्टिकच्या पिशवीत वेगळ्या ठेवल्या. पुढच्या वर्षी शेताच्या मधोमध एवढ्याशा जागेत ते दाणे पेरले आणि रानडुकरं शिरू नयेत म्हणून भोवती काट्या लावल्या. मग पुन्हा निवड, पुन्हा पेरणी, असे कितीतरी हंगाम.

धानाचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतं, शेजारच्या वाणाशी संकर क्वचितच होतो. त्यामुळे एका लोंबीतलं वेगळेपण पुढच्या पिढीत टिकायची शक्यता असते, फक्त दरवर्षी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरून भेसळ उपटायला हवी. पिकांचे नवे वाण काढणाऱ्या शास्त्रज्ञांची ही जुनी रीत, तिला शुद्ध वंश निवड म्हणतात. तिसरीच्या पुस्तकात ती नसते.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. एका वर्षी मी आमच्या बांधीतून दोन लोंब्या मोठ्या ऐटीत बाजूला काढल्या, पदराला बांधून घरी आणल्या. एक उंदरानं खाल्ली. दुसरी पेरली, पऱ्हे (रोपं) छान उगवले, रोवणी झाली, लोंब्या धरल्या आणि सासूबाई म्हणाल्या, “अवो, हे तं जय श्रीराम आहे!” म्हणजे त्या नावाचं दुसरंच धान, बियाण्याच्या पोत्यात मिसळून आलेलं. माझा शोध तिथंच संपला. दादाजींच्या हाताशीही प्रयोगशाळा नव्हती. पण पुढच्या खेपेला चुकलेलं कोणतं, टिकलेलं कोणतं, हे ते बघत राहिले.

बियाणं वाढलं तसं गावातल्या इतरांनी मागून पेरलं. १९९० च्या सुमारास ते तळोधीच्या बाजारात गेलं. व्यापाऱ्यानं विचारलं, कोणता वाण? नाव तर ठेवलेलंच नव्हतं. तेव्हा हातावर एचएमटीचं घड्याळ म्हणजे केवढा रुबाब. व्यापाऱ्यानं तेच नाव देऊन टाकलं. बारीक दाणा, चवीला गोड. बियाणं हातोहात पसरलं, विदर्भाबाहेरही गेलं. दादाजींना त्यातून फारसं काही मिळालं नाही. पुढे एका कृषी विद्यापीठानं त्यातूनच निवडलेला वाण आपल्या नावानं काढला, आणि श्रेयाचा वाद बरीच वर्षं चालला. मला विचाराल तर त्या पहिल्या तीन लोंब्या कोणी उचलल्या, एवढंच बघावं.

ते मात्र थांबले नाहीत. विजय नांदेड, नांदेड-९२, नांदेड हिरा, स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांवरून डीआरके, असे आणखी वाण काढले. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते सन्मान झाला, २०१० साली फोर्ब्स मासिकानं दखल घेतली. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तोवर घरची ओढाताण काही सुटली नव्हती.

हे बघा, तळहातावर घ्या. किती बारीक आहे दाणा! किती देऊ, दोन किलो? यंदाचा नवा तांदूळ आहे, पाणी जरा कमी घाला.