गुरगुरण्याचं पान आधी उघडा

सांगलीत पशुवैद्यकीचा दवाखाना चालवताना चावऱ्या कुत्र्यांची प्रकरणं नेहमीची. पण मागच्या हिवाळ्यात तासगावकडून आलेल्या एका कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण त्याच्याबरोबर पिशवीत घालून एक पुस्तकही आलं होतं, आणि निम्मं दुखणं त्या पुस्तकातलं होतं.

दिवस द्राक्षबागेतल्या फवारणीचे. या दिवसांत बागायतदार घरचं लग्नकार्य असलं तरी बाग सोडत नाही. त्यामुळे बाप-लेक दोघंही सकाळी सकाळी दारात उभे दिसले तेव्हाच काहीतरी मोठं झालंय हे कळलं. मुलाच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. साखळीच्या टोकाला शेरा. फिक्या बदामी रंगाचा, लांब तोंडाचा, शेपूट पोटाखाली घालून भिंतीला चिकटलेला.

"मॅडम, ह्याला इंजेक्शन द्या आन् मोकळं करा एकदाचं. घरात बारकी पोरं हायत," मुलगा म्हणाला. वडील काही बोलले नाहीत. त्यांचा हात शेराच्या पाठीवर होता तो तिथेच राहिला.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतली होती, सिव्हिलला लस सुरू झाली होती, शेराचं स्वतःचं लसीकरण कार्डही वेळच्या वेळी भरलेलं होतं. जीव भांड्यात पडला. मग मी त्यांना सांगितलं, की कुत्रं माणसाला चावलं की त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं. त्या मुदतीत ते धडधाकट राहिलं, तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असं धरता येतं. आजच मारून टाकलं तर ही खात्री करून घ्यायची सोपी वाट आपणच बंद करतो. दहा दिवस मिळाले, आणि मला तेवढेच हवे होते.

चावलं कसं, हे विचारल्यावर पुस्तक बाहेर आलं. पुण्यातल्या रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून घेतलेलं, मुखपृष्ठ गेलेलं, इंग्रजी. मुलानं शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचलं होतं. कठीण शब्दांवर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिले होते. एका पानाचा कोपरा दुमडला होता. त्या पानाचा सांगावा असा: कुत्रं गुरगुरलं तर त्याला उलथं पाडा, छातीवर दाब देऊन धरा, अंग ढिलं सोडेपर्यंत सोडू नका, म्हणजे घरात मालक कोण ते त्याला कळेल. मुलानं तसंच केलं. पहिल्या काही वेळा शेरा गप्प पडून राहिला. शेवटच्या वेळी मुलाचा हात मान दाबताना कानावर गेला आणि शेरानं हात फोडला.

हा मुलगा निर्दय नव्हता, हे मला ठासून सांगायचंय. कुत्र्यासाठी पदरचे पैसे मोजून पुस्तक आणणारी, रात्री जागून ते वाचणारी किती माणसं असतात? त्यानं छापील शब्दावर विश्वास ठेवला. चुकीचं औषध लिहून दिलं तर रोगी औषध घेणारच, त्यात रोग्याचा काय दोष?

उलथं पाडण्याची ही रीत आली कुठून, तेही त्याला सांगितलं. रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं पाहून १९४७ मध्ये निबंध लिहिला. पुढे १९७० मध्ये डेव्हिड मीच यांच्या लांडग्यांवरच्या पुस्तकामुळे 'कळपाचा दादा' ही कल्पना घराघरांत गेली. लांडग्यांवरून ती कुत्र्यांवर आली आणि कुत्र्यांच्या पुस्तकांत जाऊन बसली. पण त्याच डेव्हिड मीच यांनी मोकळ्या रानातल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९९९ मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे बहुतेकदा एक कुटुंब असतं. आई-बाप पुढे, पिल्लं मागे. मारामारी करून मिळवलेली गादी तिथे नसते. एका शास्त्रज्ञानं स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकातली गोष्ट अशी जाहीरपणे मागे घेणं मला फार मोलाचं वाटतं. पण जुनी पुस्तकं रस्त्यावर विकली जातातच, आणि ती हातात घेणाऱ्याला १९९९ सालची गोष्ट कोण सांगणार?

आता शेराकडे. कारवानी जात मुळातच अनोळखी हात लावून घेत नाही. टेबलावर न चढवता मी जमिनीवर बसले, त्याच्याकडे पाठ अर्धी वळवून. उकडलेल्या कलेजीचे शेंगदाण्याएवढे तुकडे माझ्याजवळ असतातच. एक तुकडा त्याच्या पायाशी टाकला. त्यानं ओठ चाटले, जांभई दिली, मान बाजूला फिरवली. झोप आली म्हणून ही जांभई नसते, भीती आवरण्याची ती खूण असते. थोड्या वेळानं तुकडा गेला. मग पुढचा, जरा जवळ. वडिलांनी कापडी पट्टीची मुसकी बांधली तोवर तो बराच सैलावला होता. डाव्या कानाजवळ हात नेताच मात्र अंग काठीसारखं ताठ. हलकी गुंगी देऊन कान उघडला, तर आत तपकिरी चिकट मळ, आंबूस वास, कातडी लालभडक सुजलेली. पडदा शाबूत होता, एवढं नशीब. कानाचं हे दुखणं किती दिवसांचं होतं देव जाणे. गुरगुरून तो तेच सांगत होता आणि गुरगुरलं की त्याच कानावर दाब येत होता.

वडील तेव्हा पहिल्यांदा बोलले. "मुकं जनावर, आनि कसं सांगंल?"

कान धुवून, थेंब लिहून देऊन मी कपाटातली पुस्तकं काढली. ही मी गरजेपोटी जमवलीत. मराठीत हवं तसं पुस्तक मला सांगलीच्या दुकानांत मिळालं नाही, म्हणून इंग्रजी मागवली. पहिलं दाखवलं ते कॅरन प्रायर यांचं १९८४ चं 'डोन्ट शूट द डॉग'. या बाईंनी हवाईत डॉल्फिन शिकवले. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा अडकवता येत नाही, त्याला मारता येत नाही, रागावलात तर तो पोहत दूर जातो. हाती उरते शिट्टी आणि मासळीची बादली. हवं ते घडलं की त्याच क्षणी शिट्टी, मग मासळी. याच तत्त्वावर पुढे कुत्र्यांचं शिक्षण उभं राहिलं. त्या पुस्तकात नको असलेली सवय घालवण्याच्या आठ वाटा दिल्यात. पहिलीच वाट: जनावराला गोळी घाला. सवय हमखास जाते, जनावरासकट. दुसरी शिक्षा. हे वाचून दाखवल्यावर मुलगा मान खाली घालून म्हणाला, "म्हंजे मी दुसरी करून पहिलीला आलो." मी त्याला पाचवी आणि आठवी वाट दाखवली. पाचवी म्हणजे नको त्या वागण्याच्या जागी, त्याच्यासोबत होऊच शकणार नाही असं दुसरं वागणं शिकवायचं. आठवी म्हणजे वागण्यामागचं कारणच काढून टाकायचं. शेराचं कारण कानात होतं.

वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांच्या हातात नॉर्वेच्या तुरिद रुगास यांचं 'ऑन टॉकिंग टर्म्स विथ डॉग्ज' दिलं. लहानसं पुस्तक, फोटो भरपूर. मघाशी शेरानं केलेली जांभई, ओठ चाटणं, मान फिरवणं, सगळं त्यात आहे. ते एकेका फोटोवर बोट ठेवून म्हणत होते, "ह्ये तर आपला शेरा रोज करतोय की." पॅट्रिशिया मॅक्कॉनेल यांचं २००२ चं 'द अदर एंड ऑफ द लीश' मी मुलासाठी राखून ठेवलं. माणूस प्रेमानं वाकतो, मिठी मारतो, ते कुत्र्याला कसं दिसतं हे त्यात फार चांगलं उलगडलंय.

पुस्तक निवडायचं कसं, हे आता मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. गुरगुरण्यावर काय लिहिलंय ते पान आधी उघडा. गुरगुरणं दाबून टाका म्हणणारं पुस्तक खाली ठेवा. गुरगुरणं हा इशारा आहे, तो मारून गप्प केला की कुत्रं थेट चावायला शिकतं. कुत्रं अचानक बदललं तर आधी डॉक्टरला दाखवा, हे वाक्य आत असेल तर लेखक जाणता आहे. बक्षीस किती चटकन द्यायचं हे लिहिलेलं असावं. नुसतं लाडानं 'प्रेम द्या' लिहून भागत नाही, बक्षीस सेकंदभर उशिरा पडलं तरी कुत्रं भलतंच काहीतरी शिकतं. आणि पुस्तक कितीही चांगलं असलं तरी आपल्या घराला लावून वाचावं लागतं. निघताना मुलगा म्हणाला, "बक्षिसाला घरचा बेदाणा हाय की पोत्यानं." मी त्याला दारातून परत बोलावलं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात, थोड्यानंही जीव जाऊ शकतो. तासगावच्या घरात ही सूचना भिंतीवरच लिहून ठेवायला हवी. कलेजी, उकडलेलं अंडं, भाकरीचा तुकडा, यातलं काहीही चालेल.

दहा दिवस शेरा ठणठणीत राहिला. इंजेक्शनचा विषय परत निघाला नाही. कान बरा व्हायला काही आठवडे गेले. दूधवाला आला की दारावर झेपावण्याऐवजी तो आता गोणपाटावर जाऊन बसतो, कारण तिथे बसलं की भाकरी मिळते. लहान मुलांना त्याच्याजवळ एकटं सोडू नका, हे मी अजूनही दर भेटीला बजावते. कानात थेंब घालताना मुसकी लागते, पण तोंड तो स्वतःहून त्यात घालतो. मुलाची बहीण कॉलेजात शिकते. ती संध्याकाळी प्रायरबाईंचं पुस्तक मराठीत सांगत जाते आणि वडील ऐकतात.

परवा वडिलांचा फोन आला. गोठ्यात एक खिलार खोंड आहे, खूर तासायला पाय उचलू देत नाही. त्यालाही ही रीत लागू पडेल का? पडेल, म्हटलं, फक्त वजन आणि शिंगं ध्यानात ठेवा. आधी गव्हाणीच्या पलीकडून सुरुवात करा, पायाला नुसता हात लागू दिला की लगेच पेंडीचा घास, पाय उचलायची घाई आठवडाभर तरी नको. सोमवारी मी तिकडे जातेय.