सात-शून्यनं माझा रकाना मोडला

मंडळी, तीन आठवडे नोंद टाकता आली नाही, कारण अख्खी वही एका सामन्यावर अडून बसली होती. २०१५ची एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनल, गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध क्लीव्हलंड, चौथा सामना. काल रात्री गाठ सैल झाली. पूर्ण सुटली असं म्हणत नाही, पण कुठे बघायला हवं होतं ते कळलं, आणि त्यासाठी आधीची पंधरा पानं पुन्हा आखायची माझी तयारी आहे.

मागच्या वेळी ठरलेलं थोडक्यात सांगते. मालिकेत १-२ असा मागे पडलेला कोच चौथ्या सामन्यात स्टार्टिंग फाइव्ह (सामना सुरू करणारे पाच) बदलतो आणि पुढे चषक नेतो, असे चार दाखले घ्यायचे. २०११मध्ये डॅलसच्या कार्लाइलनं स्टीव्हनसनऐवजी बरेआ, २०१५मध्ये वॉरियर्सच्या केरनं बोगटऐवजी इग्वोडाला, २०२२मध्ये पुन्हा केरनंच लूनीऐवजी ऑटो पोर्टर, आणि २०२५मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या डेग्नॉल्टनं केसन वॉलेसऐवजी हार्टेनस्टाइन. प्रत्येक सामन्याची पाच-पाच खेळाडूंची स्टिंट (तेच पाच सलग मैदानात असतात तो तुकडा) काढायची आणि शेजारी एक नवा रकाना ठेवायचा: पहिल्या टाइमआउटपर्यंतचा स्कोअर. रकान्यामागचा विचार सरळ होता. पहिल्या टाइमआउटपर्यंत मैदानात दिसतो तो कोचनं रात्री जागून केलेला बेत. त्यानंतर सुरू होते ती डागडुजी.

२०१५ मला जवळजवळ तोंडपाठ, म्हणून सुरुवात तिथून केली. दादा स्क्रीनवरचं घड्याळ वाचतो, मी लिहिते, ही आमची नेहमीची पद्धत. करी, क्ले, बार्न्स, ग्रीन, इग्वोडाला अशी पाच नावं लिहिली. सात फुटी बोगट बेंचवर, आणि सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळच्या उंच माणसाच्या जागी ६ फूट ७ इंचांचा ग्रीन. समोर क्लीव्हलंडचे ७ फूट १ इंचाचा मोझगॉव्ह आणि ट्रिस्टन थॉम्पसन. दादानं पहिला टाइमआउट सांगितला, तेव्हा माझ्या रकान्यात क्लीव्हलंड ७, वॉरियर्स ०.

फायनलच्या इतिहासात ज्या बदलाचं एवढं कौतुक झालं, तो माझ्या रकान्यात उणे सात. जून २०१५च्या त्या सकाळी नागपुरात साडेसहाला टीव्ही लावून बसले होते, तेव्हाही याच सात-शून्यला पोटात गोळा आला होता. दहा वर्षांनी तोच गोळा वहीत आला.

आधी वाटलं, हा नुसता योगायोग असणार. म्हणून रकाना ताणला आणि पूर्ण पहिला क्वार्टर घेतला. तिथे वॉरियर्स ३१-२४नं पुढे. म्हणजे टाइमआउटनंतर ३१-१७. टाइमआउटमधून परत येताना केरनं बोगटला उभं केलं नाही. बोगट त्या रात्री तीन मिनिटांच्या आतच खेळला. बेत तोच राहिला आणि निकाल उलटला. मग रकाना नक्की मोजतोय काय? पहिल्या सात गुणांत बेत वाईट होता आणि पुढच्या ३१ गुणांत चांगला झाला, असं तर म्हणता येत नाही.

दुसरी अडचण याहून चिवट. शेवटचा क्वार्टर वॉरियर्सनं २७-१२ असा घेतला, सामना १०३-८२. हे पंधरा गुण बदललेल्या फळीचे की क्लीव्हलंडच्या दमलेल्या पायांचे? त्यांचा लव्ह पहिल्या फेरीतच दुखापतीनं बाहेर गेलेला, आयर्व्हिंग पहिल्याच सामन्यात गुडघ्याची वाटी मोडून गेलेला. लेब्रॉन त्या मालिकेत सरासरी ४५ मिनिटांहून जास्त खेळला. चौथ्या सामन्यात क्लीव्हलंडनं २७ थ्री (लांबून तीन गुणांचे फटके) मारले आणि ४ आत गेले. अशा रात्री कुठलीही फळी चांगलीच दिसते. दोन आठवडे मी स्टिंटांचे अधिक-उणे आकडे (त्या वेळात आपण केलेले गुण वजा समोरच्यांचे) वेगवेगळ्या तऱ्हेनं मांडून पाहिले. पायांचा थकवा आणि फळीचा परिणाम वेगळा करता येईना. एका सामन्यात पाच खेळाडूंचा संच एकत्र किती मिनिटं असतो? दोन थ्री आत-बाहेर झाले की आकड्याचं चिन्हच बदलतं. आमच्यात अधिक-उण्याला देवासारखं मानणारे काही जण आहेत, त्यांना कळकळीनं सांगते: एका सामन्यापुरता तो आकडा टेकू म्हणूनही वापरू नका.

मध्ये आणखी एक आठवडा मिनिटांच्या हिशेबात गेला. प्रत्येक संघाची बेरीज २४० येते का, एवढंच मी तपासत होते, आणि ती येत होती. पण बॉक्स स्कोअरशी (खेळाडूंच्या आकड्यांच्या तक्त्याशी) एकेक खेळाडू लावला तर वॉरियर्सच्या बेंचवरच्या दोन गार्डांपैकी एकाची मिनिटं जास्त, दुसऱ्याची तेवढीच कमी. दोष कुठला ते तुम्हाला माहीतच आहे: प्ले-बाय-प्लेमध्ये (सामन्यातल्या एकेक घटनेच्या नोंदीत) क्वार्टर चालू असतानाचे बदल लिहिलेले असतात, क्वार्टर कोणत्या पाचांनी सुरू केला ते नसतं. शॉट, रिबाउंड, फाउल यांत ज्याचं नाव येईल त्यावरून अंदाज करायचा. मी सवयीनं आधीच्या क्वार्टरचे शेवटचे पाच पुढे ओढले होते. त्यात माझ्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये जाहिराती कापताना क्वार्टरचे पहिले काही सेकंदही गेलेले. शेवटी व्हीएलसीमध्ये ई दाबत एकेक फ्रेम पुढे नेली आणि पहिल्या रुंद शॉटमध्ये पाठीवरचे नंबर वाचले. दोन्ही संघ, सगळे खेळाडू, सेकंदासकट जुळले तेव्हा दादानं खुर्चीतून उठून टाळी दिली. यापुढे नियम पक्का: २४०च्या बेरजेवर विसंबायचं नाही, एकेक खेळाडू लावायचा.

याच कामासाठी चौकटीची वहीच घ्या. जाड कागद म्हणून मी ऑनलाइन मागवलेल्या वह्या इतक्या पातळ निघाल्या की जेल पेन मागच्या पानावर उमटतं आणि दुसऱ्या क्वार्टरची ओळ पहिल्याच्या अंगावर येते. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडची शंभर पानी वही आणि साधं बॉलपेन याला तोड नाही. शीट्समध्ये नंतर चढवा, पण पहिली नोंद हातानंच. हात लिहीत असताना डोळा मैदानावर राहतो.

आता काल रात्रीचं. पाचव्या सामन्याचा बॉक्स स्कोअर फक्त मिनिटं जुळवायला उघडला होता. मोझगॉव्ह: ९ मिनिटं, शून्य गुण. चौथ्या सामन्यात त्यानं २८ गुण केले होते, क्लीव्हलंडकडून सर्वांत जास्त. आधीच्या रात्री संघातून सर्वाधिक गुण करणारा माणूस पुढच्या सामन्यात क्लीव्हलंडचा कोच ब्लॅटनं नऊ मिनिटांत बसवला. मी चौथ्या सामन्याच्या आत शोधत बसले होते आणि बदलाचा खरा ठसा पाचव्या सामन्यात, समोरच्या बेंचवर पडला होता.

मग चौथा सामना तिसऱ्यांदा लावला, या वेळी चेंडूकडे न बघता. फक्त मोझगॉव्हचे पाय. आधीच्या सामन्यांत करीवर दोघं धावून गेले की ग्रीन फ्री-थ्रो रेषेजवळ मोकळा व्हायचा, आणि उरलेल्या चौघांसमोर तीनच बचावपटू. पण बोगट लांबून मारत नाही, म्हणून मोझगॉव्ह रिंगखाली निवांत थांबायचा आणि ग्रीनला समोर भिंत दिसायची. बोगट गेल्यावर मोझगॉव्हला उभं राहायला माणूसच उरला नाही. तो बाहेर गेला तर रिंग उघडी, आत थांबला तर इग्वोडाला थ्री-रेषेवर एकटा. इग्वोडालाला मोकळं सोडण्याचा धोका क्लीव्हलंडनं पत्करला आणि त्यानं २२ गुण केले. ओळीच्या आत एक पाय, बाहेर एक पाय, हात अर्धे वर: मोझगॉव्हची ती उभी राहण्याची तऱ्हा मी फ्रेम थांबवून वहीच्या समासात काढून ठेवली आहे. सात-शून्य असतानाही तो तसाच उभा आहे! बेत पहिल्या मिनिटापासून लागू पडला होता, स्कोअर मागून आला.

आणि किंमतही दिसते. मोझगॉव्हचे २८ गुण म्हणजे केरनं फुकट काही मिळवलं नाही. दोनदोनचे गुण मोझगॉव्हला करू दिले, बदल्यात वेग आणि मोकळे थ्री घेतले. ब्लॅटनं तो सौदा पुढे चालू ठेवला असता तर? सहाव्या सामन्यात ब्लॅटनं मोझगॉव्हला परत आणलं, मोझगॉव्हनं १७ गुण आणि १२ रिबाउंड घेतले, तरी सामना १०५-९७नं गेलाच. माझं मत असं की पाचव्या सामन्यात छोट्या फळीला (सेंटर नसलेल्या बुटक्या पाचांना) छोटी फळी लावणं ही ब्लॅटची घाई होती. छोटा खेळ हा वॉरियर्सच्या घरचा. करीनं त्या रात्री ३७ गुण केले.

निक यूरेनचं मात्र पुन्हा कौतुक वाटतं. केरचा २८ वर्षांचा विशेष सहाय्यक, बेंचवरचा कोचही नव्हे. आदल्या वर्षीच्या फायनलचे व्हिडिओ बघत बसला, स्पर्सचा कोच पोपोविचनं तिसऱ्या सामन्यात स्प्लिटरऐवजी बोरिस डियॉला सुरुवातीला खेळवलं ते त्याला दिसलं, आणि रात्रीच त्यानं ते कळवलं. आपण करतो तेच काम. केरनं सामन्याआधी फळी बदलणार नाही असं पत्रकारांना सांगितलं, नंतर खोटं बोललो म्हणून कबूल केलं, आणि श्रेय यूरेनचं नाव घेऊन दिलं. इग्वोडाला त्या वर्षी नियमित हंगामात एकाही सामन्यात स्टार्टर नव्हता, आणि फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तोच झाला.

तर पहिल्या टाइमआउटचा रकाना रद्द. त्या जागी दोन: ‘रिंगजवळचा मोठा माणूस कोणाला धरतो’ आणि ‘पुढच्या सामन्यात समोरच्या कोचनं कोणाची मिनिटं कापली’.

हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की ‘छोटी फळी’ हा शिक्काही काढावा लागेल. २०२५ उलटं आहे. डेग्नॉल्टनं पहिल्या सामन्यात हार्टेनस्टाइनला बसवून छोटी फळी लावली, १११-११० असा एका गुणानं हरला, आणि चौथ्यात हार्टेनस्टाइनला परत आणून फळी उंच केली, आणि १११-१०४ असा जिंकला. म्हणजे लहान-मोठं दुय्यम, समोरच्याला कुठे उभं करता हे मुख्य.

आणि आणखी एक, हे आताच सुचतंय. माझे चारही दाखले जिंकणाऱ्यांचे! हरलेल्यांचे बदल वहीत नाहीतच. २०१४चा पाचवा सामना घ्या: स्पर्सविरुद्ध १-३ मागे असलेल्या हीटच्या कोच स्पोल्स्ट्रानं चामर्सऐवजी रे ॲलनला सुरुवातीला खेळवलं, हीट सुरुवातीलाच २२-६नं पुढे गेली, आणि सामना स्पर्सनं १०४-८७ जिंकून चषक नेला. माझ्या जुन्या रकान्यात हा बदल सोन्याचा ठरला असता. केर सुरुवातीला उणे सात, स्पोल्स्ट्रा सुरुवातीला अधिक सोळा. हे दोन सामने समोरासमोरच्या पानांवर मांडायलाच हवेत.

म्हणून बेत बदलला. २०११ आणि २०२२ थांबतील. आधी २०१४चा पाचवा, मग २०१५चा पाचवा, दोन्ही हरणाऱ्या कोचच्या बाजूनं. २०२२ला हात घालाल त्यांनी लूनीवर लक्ष ठेवा: सुरुवातीच्या पाचांतून काढला, तरी बेंचवरून येऊन ११ रिबाउंड घेतले आणि शेवटी केर त्याला आणि ग्रीनला आलटून पालटून वापरत होता. स्टार्टिंग आणि क्लोजिंग (सामना संपवणाऱ्या) फाइव्हसाठी वेगळी पानं लागतील.

२०१४च्या पाचव्या सामन्याचं माझं रेकॉर्डिंग दुसऱ्या क्वार्टरपासून आहे. कोणाकडे पहिल्या टिप-ऑफपासूनचं, क्वार्टरच्या सुरुवाती न कापलेलं असेल तर कळवा. रविवारी दादाला सुट्टी आहे, २२-६पर्यंतची प्रत्येक पझेशन (चेंडू एका संघाकडे असतो तो डाव) आम्ही डियॉच्या पायांकडे बघत काढणार आहोत.