तक्रारीपेक्षा पोच अवघड

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रोजेक्टच्या ग्रुपमधला मुलगा. आधी रात्री-अपरात्री मेसेज, मग नको ते फोटो, मग मेसच्या दारात येऊन उभं राहणं. तपशील कॉलेजच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीला दिलेत, इथे पुन्हा उगाळत नाही. मला बोलायचंय ते ऑफिसच्या आवक-जावक खिडकीबद्दल. माझ्या तक्रारीवर तिथला शिक्का बसायला सोळा दिवस लागले.

खरं तर खिडकीवर जायची वेळच यायला नको होती. या अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं जिन्याजवळच्या फलकावर होती. पण अध्यक्ष म्हणून ज्या मॅडमचं नाव तिथे होतं, त्या दीड वर्षापूर्वीच निवृत्त झालेल्या. नवीन अध्यक्ष कोण, हे कुणीच सांगेना. "ऑफिसात दे, पोचेल," एवढंच.

२२ सप्टेंबरला गेले. खिडकीतल्या काकांनी चष्मा लावून अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. माझ्यामागे बोनाफाइडवाल्यांची रांग.

"विभागप्रमुखांची सही कुठाय? विद्यार्थ्याचा अर्ज विभागामार्फतच येतो."

"काका, हा गोपनीय आहे. थेट समितीला द्यायचाय."

"अगं, मग आधी सरांशी बोलून घे ना."

दुसऱ्या दिवशी बंद पाकीट घेऊन गेले. "आत काय आहे ते कळल्याशिवाय इनवर्ड कसं करणार?" म्हणजे उघडा कागद सहीशिवाय चालत नाही आणि बंद कागद बंद आहे म्हणून चालत नाही! नंतर दोन वेळा काका रजेवर, एकदा रजिस्टर ऑडिटला गेलेलं. मग एकदा फार प्रेमानं म्हणाले, "ठेवून जा बाळ, नंबर नंतर पडेल." मी ठेवणारच होते. इतकी दमले होते. पण माझ्या कॉटमेटची आई पंचायत समितीत नोकरीला आहे. त्यामुळे हिला लहानपणापासून एकच शिकवण, पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही. तिनं माझ्या हातातून पाकीटच काढून घेतलं.

घाई का, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. शेवटचा प्रकार १२ जुलैचा होता. समिती कारणं नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी काय? उशीर त्यांचा, आणि मुदतवाढीची विनंती मी करायची?

शेवटी तीच तक्रार प्राचार्यांच्या आणि कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल केली, आणि लक्ष्मी रोडवरच्या सिटी पोस्टातून स्पीड पोस्टानंही पाठवली. पाकीट कॉलेजात पोचल्याची ऑनलाइन नोंद दिसली तशी तिची प्रिंट काढली आणि ८ ऑक्टोबरला ती खिडकीत सरकवली. काकांनी माझ्या झेरॉक्सवर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि म्हणाले, "आधी सांगायचं ना." मी काहीच बोलले नाही. अजून हळहळते. शिक्क्याची शाई पुसट होती म्हणून तिथेच उभी राहून फोटो मात्र काढून घेतला.

हे ईमेल पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही कराल तर माझे सोळा दिवस कामी आले म्हणायचे.

पुढचं तसं वेळेत झालं. तक्रार मिळाली की सात दिवसांत तिची प्रत त्या मुलाला जाते, त्याला उत्तराला दहा दिवस आणि चौकशीला एकूण नव्वद. आमच्याकडे सहा प्रती मागितल्या, सोबत साक्षीदारांची नावं. विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी लागतात. त्यातली एक मुलगी माझ्या ओळखीची निघाली, त्याचाच मला जास्त संकोच वाटला. समितीवरच्या स्वयंसेवी संस्थेच्या बाई मात्र नेमकं विचारायच्या आणि पूर्ण ऐकून घ्यायच्या. एका सरांनी "मिटवता येतंय का बघू" असं सुचवलं. समेट हवा असेल तर तो तक्रारदारानं मागायचा असतो, आणि मी मागितला नव्हता. तेवढंच सांगितलं.

चौकशी चालू असताना त्याला दुसऱ्या बॅचला टाका, असं लेखी मागता येतं. मला हे महिनाभरानं सुचलं. तोवर प्रॅक्टिकलला तो समोरच्या टेबलावर. पोलिसांची वाट वेगळी, समितीकडे गेलात म्हणून ती बंद होत नाही. मी गेले नाही, घरी तेवढं पेलवलं नसतं.

निकाल लागला: त्याला एका सत्राचं निलंबन, वसतिगृहात राहायला बंदी आणि सक्तीचं समुपदेशन. मला जास्त हवं होतं. अपिलाला तीस दिवस असतात. त्यातले वीस मी नुसती झोपून काढले, आणि मग सबमिशन आलं.

हो, एक राहिलंच. ब्लॉक करायच्या आधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. स्क्रीनशॉट घ्याल तर तारीख आणि नंबर दिसू दे, कापून सुबक करायला जाऊ नका. माझे चार त्यामुळेच बाद होता होता राहिले.