नाचायला आलेली मुलगी

रात्रीचे साडेअकरा झालेत. आज दिवसभर अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड ऐकतोय. मानमरातब मिळालेली उतारवयातली एला नव्हे. विशीच्या आसपासची, ड्रमर चिक वेबच्या बँडमधली.

ही पोरगी मुळात गायला आलीच नव्हती, हे काही डोक्यातून जात नाही. २१ नोव्हेंबर १९३४, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचं अपोलो थिएटर, हौशी कलाकारांची रात्र. हिला करायचा होता नाच. पण आधी एडवर्ड्स भगिनी असं काही नाचून गेल्या की हिचा धीरच सुटला. ऐन वेळी गायली, तेव्हाची गायिका कॉनी बॉसवेल हिच्या ढंगात. पहिलं बक्षीस, २५ डॉलर! त्यासोबत आठवडाभर तिथं गायची संधी मिळायची, ती मात्र हिला दिली नाही; म्हणतात, तिच्या अवतारामुळं. आई गेलेली, सुधारगृहातून पळालेली, रस्त्यावर दिवस काढणारी १७ वर्षांची मुलगी. झगमगीत झगे आणणार कुठून?

चिक वेबनंही आधी आढेवेढेच घेतले. याचं मला जास्त वाईट वाटतं. मणक्याच्या क्षयानं त्याची स्वतःची पाठ वाकलेली, उंची जेमतेम, आणि ड्रमवर बसला की भलेभले गार. त्यानं तरी रूप बघू नये ना? शेवटी येल विद्यापीठातल्या नाचाच्या कार्यक्रमात तिला आजमावलं. पोरांना आवडली, मग ठेवून घेतली.

पुढची शाळा सॅव्हॉय बॉलरूम, हार्लेममधलं नाचघर, जिथं वेबचा बँड वाजवायचा. तिथं लोक यायचे ते लिंडी हॉप हा जोडीनं करायचा वेगवान नाच नाचायला. गायिकेच्या वाट्याला गाण्याचा एखादा फेरा, बाकी सगळा बँडचा दणका. लय जरा ढिली पडली, तर ती आधी नाचणाऱ्यांच्या पायांना कळणार. एलाचा ताल इतका पक्का का, याचं उत्तर मला इथंच सापडतं. नाच सुटला नव्हता, गळ्यात उतरला होता.

१९३८ चं 'ए-टिस्केट, ए-टास्केट' पुन्हा लावलं. बडबडगीतच ते. टोपली हिरवी होती का, लाल होती का, निळी होती का, असं बँडवाले विचारतात आणि ही दर वेळी 'नो, नो, नो, नो'. नुसते नकार, पण काय फेक आहे! असल्या फुटकळ गाण्यांत तिची उमेदीची वर्षं वाया गेली म्हणणारे असतात. मला नाही पटत. शब्दांना वजन नसलं की लय उघडी पडते, लपायला जागाच उरत नाही.

जून १९३९ मध्ये वेब गेला आणि बँड तिच्या नावानं चालू लागला. ती तेव्हा २२ वर्षांची. पुढची एला सगळ्यांना ठाऊक आहे. मी मात्र उद्याही मागंच जाणार. १९३५ च्या पहिल्या रेकॉर्ड अजून नीट ऐकायच्यात.