घरोटाची ओवी आणि चेलो: पहिल्या क्यूची नोंद

आमच्या अहिराणी लघुपटाचा पहिला क्यू (एका प्रसंगाचा पार्श्वसंगीताचा तुकडा) काल रात्री पूर्ण झाला. लांबी १ मिनिट १० सेकंद, त्यामागे पाच आठवडे. पहाटे एक बाई घरोटावर दळतेय (जात्याला आमच्या खान्देशात घरोटच म्हणतात), दाराबाहेर वादळाने आडवी झालेली केळीची बाग. ३८.४ व्या सेकंदाला तिचा हात थांबतो. या थांबण्यासाठीच सगळं संगीत.

सुरुवात मी हिशोबाने केली. फिल्म सेकंदाला २५ फ्रेमची. टेम्पो मिनिटाला ७५ मात्रांचा धरला तर एक मात्रा ०.८ सेकंदाची, म्हणजे बरोबर २० फ्रेम. ४८ मात्रा झाल्या की ३८.४ सेकंद. इतकं चपखल जुळल्यावर मी आजीच्या कानाला हेडफोन लावला आणि क्लिकवर (ठरलेल्या लयीच्या टिकटिकीवर) ओवी म्हणायला सांगितली. दर वेळी चौथ्या चरणाशी ती अडखळायची. शेवटी म्हणाली, "बठीसन माले म्हनता येत नही. घरोट फिरी तवयच गानं निंघी."

मग माळ्यावरून घरोट उतरवला. रात्री अकरानंतर, मे महिन्यात, पंखा बंद करून ओट्यावर रेकॉर्डिंग केलं. एक माइक आजीच्या तोंडाशी, दुसरा दगडाजवळ. गाणं पहिल्याच खेपेला निघालं. ऐकताना कळलं की मूठभर ज्वारी वैरली की फेरा जड होतो आणि ओवीही जड होते. गती ७१ ते ७८ च्या दरम्यान हलत राहते. क्लिक सोडून दिला. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेऱ्यावर खूण करून टेम्पो मॅप, म्हणजे बदलत्या गतीचा आराखडा, आजीच्या गाण्यावरून बांधला. हात थांबण्याची जागा ९ फ्रेम उशिरा आली, म्हणून सगळा क्यू ९ फ्रेम आधी सुरू केला. काम झालं.

सुराचा प्रश्न जास्त अवघड होता. आजीचा सा पेटीच्या काळी चारच्या जवळ, पण साधारण ३५ सेंट खाली. अर्ध्या स्वरात १०० सेंट असतात, त्यामुळे ३५ चा फरक स्ट्रिंग्जशेजारी (व्हायोलिन, व्हायोला, चेलो अशा तारवाद्यांशेजारी) लगेच टोचतो. पिच दुरुस्त करून पाहिलं. सूर सरळ झाला आणि आजी नाहीशी झाली. तेव्हा आवाज जसा होता तसा ठेवला आणि व्हर्च्युअल (संगणकातल्या) ऑर्केस्ट्राचं प्रत्येक वाद्य ३५ सेंट खाली उतरवलं. गाणाऱ्याच्या पट्टीत साथीने यायचं, हे आपल्याकडे तंबोरा लावणाऱ्याला सांगावं लागत नाही. मला मात्र स्लायडर शोधायला दोन दिवस गेले.

ऑर्केस्ट्रेशनचे तीन मसुदे फेकले. पहिल्यात व्हायोलिन्स ओवीबरोबर त्याच सप्तकात चालत होती आणि आवाज झाकत होती. दुसऱ्यात प्रत्येक ओळीखाली कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलले. ओवीचा चौथा चरण आखूड आहे, त्यामुळे चौथ्या ओळीत कॉर्ड एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. तिसऱ्यात कॉर्ड काढून चेलो व डबल बासवर सा-पचा खर्ज धरला. हे बरंच जवळ होतं, तरी खाली सगळं गढूळ. स्पेक्ट्रम (आवाजातल्या खालच्या-वरच्या स्वरांचा आलेख) उघडला तर बासच्या जागी आधीच कोणीतरी बसलेलं होतं: घरोटाची घरघर.

म्हणून डबल बास काढला. या क्यूत खालचा सूर घरोटच धरतो. वर फक्त व्हायोला, म्यूट लावून, सा-प. आखूड चरणानंतर जी रिकामी जागा राहते तिथे क्लॅरिनेटची दोन-तीन स्वरांची ओळ. हे सुचलं ते सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी केलेलं अरेंजिंग ऐकून. गायकाच्या श्वासाच्या जागेत वाद्य कसं बोलतं, हे तिथे मन लावून ऐका.

क्लॅरिनेट खरं वाजवून घेतलं. लग्नाच्या बँडमधले एक काका आले. बी-फ्लॅट क्लॅरिनेट एक स्वर वर लिहावं लागतं, काळी चारला काळी पाच, पण काका नोटेशन वाचत नाहीत, तेव्हा मी सरगम म्हणून दाखवली. ३५ सेंट खाली येण्यासाठी त्यांनी बॅरल (तोंडाजवळचा जोडतुकडा) थोडं बाहेर ओढलं आणि उरलेलं ओठांनी सांभाळलं. खालच्या पट्ट्यातला तो लाकडी आवाज संगणकातल्या तयार सॅम्पलमध्ये मला सापडला नव्हता.

आता ३८.४ ला हात थांबतो, घरोट थांबतो आणि ऑर्केस्ट्राचा तळच निघून जातो. २२ फ्रेम काहीच नाही. मग एकटा चेलो, खालचा प. दिग्दर्शक मैत्रिणीने ते तीनदा पाहिलं आणि केळीच्या बागेचा शॉट दोन सेकंदांनी वाढवून मागितला. वाढवलेल्या भागात चेलो तोच स्वर धरून राहतो, बो (गज) न बदलता. एवढा लांब बो खऱ्या वादकाला हळू आवाजातच जमेल, म्हणून व्हॉल्यूम तिथेच ठेवलाय.

पुढचा क्यू वादळाचा आहे. केळीच्या फाटक्या पानांचा आवाज उद्या पहाटे रेकॉर्ड करायला शेतात जाणार आहे, वारा सुटायच्या आधी आणि नंतर, दोन्ही.